तिकडे शून्य

कुटबणच्या जेटीवर पहाटे साडेचारला
क्रशरच्या तोंडात पहिली लादी ढकलण्याआधी
मी फोन उघडतो.
तळाला बारा सेंटिमीटर, माथ्यावर अडतीस.
बावीसपैकी पाच उतार चालू.
शून्य अंशाची रेषा सव्वीसशे मीटरवर.
वरची पाळणालिफ्ट वाऱ्यामुळे बंद.

एवढ्या उंचीचे मीटर मला कळत नाहीत,
बेतुलच्या किल्ल्याची चढण चढताना धाप लागते.
पण पाच उतार म्हणजे काय ते कळतं :
पाच उतारांना तीन माणसं पुरतात,
आणि गौरीश यादीत चौथा.

आजोबांचा जन्मदाखला लिस्बनला नोंदवून,
सात माडांची भाट विकून तो गेला.
त्या गावाचं नाव मला म्हणता येत नाही,
तीन व्यंजनं एकमेकांच्या पाठीवर बसली आहेत.
अमोनियाच्या वासाला विटला होता.
‘बाबा, बर्फाशी आता कायमचं फाटलं’ म्हणाला,
आणि बर्फावर पोट भरणाऱ्या डोंगरात नोकरी धरली.

आमच्याकडे दोन्हींना बर्फच म्हणतात,
लादीलाही, आभाळातून पडतो त्यालाही.
हिम हा शब्द शाळेत होता,
किंवा कॅलेंडरवर, शंकराच्या मागे.
तो कुणी तोलून विकत घेतला नाही.
गौरीश सांगतो, पावडर वेगळी, पापुद्रा वेगळा,
दुपारी वितळून रात्री घट्ट झालेला तर फारच वेगळा,
त्यावर पडलेल्याचं हाड मोडतं.
मी म्हटलं, इथेही तसंच रे,
भुगा बांगड्याला, खडे इसवणाला,
दहा दिवसांच्या फेरीला अख्ख्या लाद्या.
तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

नाताळ आठ दिवसांवर.
असोळण्याच्या बाल्कन्यांत कागदी तारे लागले,
पोदेराचा भोंगा नेहमीपेक्षा लवकर येतो.
चर्चसमोरच्या गोठ्याच्या छपरावर
पोरांनी कापूस पसरलाय.
मी स्कूटर थांबवून बोट खुपसून पाहिलं :
दोन सेंटिमीटर.

परवा रात्री त्याचा फोन आला.
काम मिळालं, तोफांवर.
तळ्याचं पाणी नळांनी वर चढवतात,
पारा उणे चारखाली गेला की पंख्यातून फवारतात,
सकाळी उतारावर पांढरा पट्टा,
दोन्ही बाजूंना तपकिरी गवत.
‘पंप आहेत, बाबा. कॉम्प्रेसर. प्रेशरचा काटा बघत बसायचं.’
मग आम्ही दोघंही गप्प.
त्याच्या पाठीमागे तो आवाज चालू होता,
माझ्या पाठीमागेही.
कुठला कुणाचा, सांगता आलं नसतं.

रजिस्टरात मी लिहितो :
लाद्या तीनशे दहा, फुटक्या चार, ट्रॉलर एकोणीस.
आणि समासात, बारीक अक्षरात, तिकडे पडलेला नवा बर्फ : ०.
मालक, बाब इनासियो, त्यावर बोट ठेवतो.
‘हे शून्य कोणाच्या खात्यावर?’
म्हटलं, येणं आहे.

गुरुवारी चाळीस पडणार असं सोमवारी दाखवत होतं.
मंगळवारी पंचवीस झालं.
आज सकाळी पंधरा, तेही ‘पावसासह’.
लिलावात भाव असाच उतरतो,
मासळी उन्हात पडून राहिली की.

झारखंडचा सुकरा
माझ्या खांद्यावरून वाकून विचारतो,
‘गिरा क्या, काका?’
त्यानंही बर्फ पाहिलाय तो फावड्यावरच.
म्हटलं, पडेल.
तो क्रशरखाली टोपली धरतो,
लादी कडाडते,
भुगा उडून त्याच्या केसांवर, भुवयांवर बसतो.
मी फोटो काढतो, गौरीशला पाठवतो,
खाली लिहितो :
तळाला अर्धा सेंटिमीटर, ताजा.
उतार चालू.

तेवढ्यात पट्टा अडकतो
आणि सुकरा ओरडतो, बंद करो, बंद करो.